‘विश्वास ठेवला’ आणि ‘विश्वास बसला’: मंडळीत नव्याने आलेल्यांसाठी

मिरजेत बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग मी गेली काही वर्षे घेत आहे. वर्गात येणाऱ्यांपैकी काही जण तासगाव, जत, कवठेमहांकाळ या भागांतून कामासाठी किंवा दवाखान्यासाठी आलेले आणि इथेच प्रभूविषयी ऐकलेले असतात, तर काही जण ख्रिस्ती घरातच जन्मलेले, पण रविवारच्या उपासनेपलीकडे फारसा विचार न केलेले असतात. दोघांचा प्रश्न मात्र एकच असतो आणि तो साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, वर्ग सुटल्यावर, चपला घालता घालता हळू आवाजात विचारला जातो: “सर, माझा विश्वास कमी पडतोय. तो वाढवायचा कसा?”

दारात उभ्या उभ्या या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे क्रमाने लिहीत आहे. एका बैठकीत सगळे वाचून संपवण्याची घाई करू नये. एक पायरी घ्यावी, आठवडाभर तिच्यावर मनन करावे आणि मग पुढे जावे.

पहिली पायरी: आपल्याच भाषेतली दोन क्रियापदे ओळखा

मराठीत ‘विश्वास’ या शब्दाबरोबर दोन क्रियापदे येतात. ‘मी त्याच्यावर विश्वास ठेवला’ असे आपण म्हणतो आणि ‘माझा त्याच्यावर विश्वास बसला’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात कर्ता मी आहे. दुसऱ्या वाक्यात करणारा मी नाही. विश्वासच माझ्याकडे येऊन बसला आहे. सांगलीच्या हळद बाजारात वर्षानुवर्षे एकाच अडत्याकडे माल घालणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे कारण विचारून पाहा. ‘मी विश्वास ठेवायचे ठरवले’ असे तो म्हणणार नाही, ‘विश्वास बसलाय’ असेच म्हणेल. अडत्याच्या वजनकाट्यातून, वेळेवर हातात पडलेल्या पट्टीतून, अडचणीच्या वर्षी दिलेल्या उचलीतून तो बसलेला असतो. तो शेतकऱ्याने स्वतःच्या मनाला पिळून काढलेला नसतो, आणि तरीही तो त्याचाच असतो, कारण पुढच्या हंगामात पोती टेंपोत भरून त्याच दुकानी नेणारा तोच असतो.

ख्रिस्ती विश्वासाविषयी नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथेच. त्याला वाटते की विश्वास म्हणजे मनाचा जोर. डोळे घट्ट मिटून, शंका दाबून, आतून काहीतरी उत्पन्न करायचे. मग तो जोर कमी पडला की तो स्वतःला दोष देतो. पवित्र शास्त्र (बायबल) मात्र सांगते की ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो प्रभूच आधी जवळ येतो, स्वतःला ओळखू देतो, अंतःकरण उघडतो, आणि त्या उघडलेल्या अंतःकरणाने माणूस विश्वास ठेवतो. बसवणारा तो आणि ठेवणारे आपण, असा हा क्रम आहे.

दुसरी पायरी: दोन अध्याय शांतपणे वाचा

पहिला अध्याय इफिसकरांस पत्रातील दुसरा. त्याची पहिली दहा वचने सलग वाचावीत, कारण आठवे वचन एकटे उचलले की त्याचा भार कळत नाही. पहिल्या वचनात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की तुम्ही मेलेले होता. आजारी किंवा अशक्त असे तो म्हणत नाही, मेलेले म्हणतो, आणि मेलेल्या माणसाकडून जोर लावण्याची अपेक्षा कोणी करत नाही. चौथ्या वचनात ‘पण देव’ अशी कलाटणी येते आणि तिथून पुढची सगळी क्रियापदे देवाची आहेत: त्याने प्रीती केली, त्याने जिवंत केले, त्याने उठवले, त्याने बसवले. मग आठवे वचन येते की कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झाले आहे, हे तुमच्या हातून झालेले नाही, हे देवाचे दान आहे.

या वचनातील ‘हे’ म्हणजे नेमके काय, विश्वास की तारण, असा प्रश्न एखादा अभ्यासू विद्यार्थी विचारतोच. मूळ ग्रीक भाषेत ‘विश्वास’ आणि ‘कृपा’ हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत आणि ‘हे’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. म्हणून तो एकट्या विश्वासाकडे बोट दाखवत नसून कृपा, विश्वास आणि तारण या सगळ्या घडामोडीकडे दाखवतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने आपला मुद्दा उणावत नाही, कारण सगळेच दान असेल तर विश्वासही त्यात आला. शिवाय फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील एकोणतिसावे वचन आणखी स्पष्ट आहे: ख्रिस्तावर विश्वास ठेवणे आणि त्याच्याकरता दुःख सोसणे, या दोन्ही गोष्टी तुम्हांला कृपेने देण्यात आल्या आहेत, असे पौल तिथे म्हणतो.

दुसरा अध्याय प्रेषितांची कृत्ये यातील सोळावा. इसवी सन ५० च्या सुमारास पौल फिलिप्पै नगरात आला. तिथे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, तो वेशीबाहेर नदीकाठी गेला, कारण तिथे प्रार्थनेसाठी माणसे जमत असत. कृष्णेच्या घाटावर पहाटे बसलेल्या बायका आपण पाहिलेल्या आहेत, म्हणून हे दृश्य आपल्याला परके वाटू नये. फिलिप्पैच्या नदीकाठी जमलेल्या बायकांमध्ये थुवतीरा नगरची लुदिया होती, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. पौल बोलत होता आणि ती ऐकत होती, आणि चौदाव्या वचनात या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की प्रभूने तिचे अंतःकरण उघडले. त्याच अध्यायात पुढे, भूकंपाने तुरुंगाचे दरवाजे उघडल्यावर घाबरलेला अधिकारी ‘तारणासाठी मी काय करू?’ असे विचारतो आणि त्याला उत्तर मिळते की प्रभू येशूवर विश्वास ठेव. एकाच नगरात, एकाच अध्यायात एकीकडे देव अंतःकरण उघडतो आणि दुसरीकडे माणसाला ‘ठेव’ अशी आज्ञा मिळते. या दोन वचनांखाली पेन्सिलीने रेघ ओढून ठेवा. पुढे कोणी तुम्हांला यांपैकी एकच अर्धे सांगू लागला, तर दुसरे अर्धे हाताशी असेल.

मंडळीच्या इतिहासात हा वाद जुना आहे. इसवी सन ५२९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज येथे भरलेल्या परिषदेने विश्वासाची केवळ वाढच नव्हे, तर त्याची सुरुवातही कृपेचेच दान आहे, असे ठरवले. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत हा विश्वास येतो कुठून असा थेट प्रश्न आहे, आणि उत्तर आहे की पवित्र आत्मा शुभवर्तमानाच्या उपदेशाने तो आपल्या अंतःकरणात उत्पन्न करतो. रोमन कॅथलिक मंडळीही विश्वासाला देवाचे दानच म्हणते. हे दान माणूस नाकारू शकतो का, यावर मात्र कॅल्विन आणि वेस्ली या प्रोटेस्टंट धर्मशिक्षकांच्या परंपरांत मतभेद आहेत. नवख्याने त्या वादात पहिल्याच वर्षी शिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दान कोणाकडून येते यावर सगळे एक आहेत, आणि सुरुवातीला तेवढे पुरते.

तिसरी पायरी: आहेराची वही मिटा

ही पायरी वाचायला सोपी आणि चढायला सर्वांत अवघड आहे. आपल्याकडे लग्नमांडवात एका बाजूला वही घेऊन कोणीतरी बसलेले असते. अमुक पाहुणे, अमुक गाव, एकशे एक. तमुक पाहुणे, साडीचोळी. ती वही घरात जपून ठेवली जाते, कारण त्यांच्या घरी कार्य निघाले की तेवढे किंवा त्याहून थोडे जास्त परत करायचे असते. यात वाईट काही नाही. नातेसंबंध असेच टिकतात. पण हीच वही घेऊन आपण देवासमोर बसतो. मी इतके उपास केले, इतक्या प्रार्थनासभांना गेलो, दशांश दिला, तेव्हा आता विश्वास वाढायला हवा, असा हिशोब मनात चालू राहतो. उलट एखाद्या आठवड्यात प्रार्थना चुकली की देवाचे देणे थकले, असे वाटून उपासनेला यायचीच लाज वाटते.

‘दान’ हा शब्दही आपल्या मनात वेगळ्या रंगाने येतो. रोजच्या बोलण्यात दान आपण करतो आणि पुण्य आपल्या पदरी पडते. इथे दाता देव आहे आणि पसरलेला पदर आपला आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल विचारतो की तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे. हा प्रश्न एका कागदावर लिहून आठवडाभर देवघराच्या, आरशाच्या किंवा दुकानातल्या गल्ल्याच्या जवळ लावावा आणि दिवसातून एकदा त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. मी स्वतः हा अभ्यास केला, तेव्हा तिसऱ्या दिवशी आईने शिकवलेली पहिली प्रार्थना आठवली आणि पुढे काही लिहवेना.

चौथी पायरी: जिथे दान मिळते तिथे जाऊन बसा

विश्वास दान आहे म्हणजे आपण हातावर हात ठेवून बसायचे का? नाही. पाऊस आपण पाडत नाही, पण बांध घालणे आपल्याकडे असते. रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय सांगतो की विश्वास ऐकण्याने होतो आणि ऐकणे ख्रिस्ताच्या वचनाच्या द्वारे होते. म्हणून पहिले काम ऐकण्याचे.

सुरुवात मार्ककृत शुभवर्तमानापासून करावी. त्यात सोळा अध्याय आहेत. रोज एक घेतला तर सव्वादोन आठवड्यांत ते पूर्ण होते. वाचन मोठ्याने करावे, म्हणजे वाचणारा आणि ऐकणारा दोन्ही तुम्हीच व्हाल आणि घरातल्यांच्या कानांवरही वचन पडेल. प्रत्येक अध्यायानंतर वहीत फक्त एक वाक्य लिहावे: आज येशूने काय केले? ‘मी काय करायला हवे’ हे पहिल्या वाचनात लिहू नये. ज्याच्यावर विश्वास बसायचा तो आधी नीट दिसला पाहिजे.

आपल्या भागाला या बाबतीत एक मोठा वारसा आहे. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि ती पाने त्यांना सोडवेनात. पुढे बराच काळ मनाची ओढाताण सोसून त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो नवा करार त्यांनी मागितलेला नव्हता. तो हातात आला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते सांगत. आयुष्याच्या अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय सुरू केला. आपल्या उपासनेत आपण त्यांची भजने म्हणतो, तेव्हा अभंगाच्या चालीत ख्रिस्ताचे नाव किती सहज बसते, हे ध्यान देऊन ऐकावे.

पाचवी पायरी: अपुरा विश्वास घेऊनच मागा

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथे माणसे जखमी झालेली मी पाहिली आहेत.

मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केले आणि तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण या गावात येत राहिले. आजही इथल्या कोणत्याही वॉर्डात प्रार्थनेसाठी गेले, तर विश्वासाचा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात जत तालुक्यातली एक आई आपल्या मुलाच्या उशाशी बसलेली होती. स्टीलचा डबा उघडा होता, भाकरी तशीच होती. बाहेरगावाहून आलेला एक प्रचारक तिला सांगून गेला होता की तुझा विश्वास पुरा असता, तर पोर एव्हाना उठून बसले असते. तिने दोन दिवस प्रार्थना केलेली नव्हती. “माझ्यामुळंच पडलाय हा,” एवढेच ती म्हणत होती.

आम्ही मार्काचा नववा अध्याय उघडला. तिथेही एक बाप आहे, तिथेही आजारी मुलगा आहे. तो येशूला म्हणतो, आपल्याला काही करता येत असेल तर करा. ‘येत असेल तर’ या तीन शब्दांत त्याचा सगळा डळमळीतपणा आहे. येशू ते शब्द पकडतो, तेव्हा तो बाप ओरडून म्हणतो, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.” येशूने त्याला ‘आधी पुरा विश्वास घेऊन ये’ असे म्हणून परत पाठवले नाही. मुलाला त्याने तिथेच बरे केले. बापाच्या वाक्याचा दुसरा भाग ही स्वतःच एक प्रार्थना आहे: आपल्या अंगी नसलेला विश्वास तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच मागत आहे.

त्या माउलीने तेवढाच दुसरा भाग धरला. पुढचे कित्येक दिवस तिची प्रार्थना ‘अविश्वास घालवून टाका’ इतकीच होती. मुलगा पुढे घरी गेला, पण तिने भाकरी मोडून तोंडात घातली ती त्याआधी, त्याच वॉर्डात, त्याचा ताप अजून उतरलेला नसताना. ते मी पाहिले आहे.

म्हणून नवख्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. बरे न होणे हा विश्वास कमी असल्याचा पुरावा आहे, असे कोणी म्हणाले तर ते मानू नका. औषध सोडायला सांगितले तर मुळीच मानू नका. प्रार्थनेचे पैसे मागितले तर तिथून उठून या. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात ज्या ‘विश्वासा’चा उल्लेख कृपादानांच्या यादीत येतो, ते काही जणांना विशेष सेवेसाठी दिलेले दान आहे, ज्या विश्वासाने आपण ख्रिस्ताला धरतो, त्याची मोजपट्टी म्हणून ते वापरू नये. प्रेषितांनी ‘आमचा विश्वास वाढवा’ असे म्हटले, तेव्हा प्रभूने मोहरीच्या दाण्याचा दाखला दिला. फोडणीच्या डब्यातला एक दाणा बोटावर घेऊन पाहा. तो बोटाच्या पेरावरच्या रेषेत हरवतो.

सहावी पायरी: कलमासारखे बांधले जा

तासगावकडच्या भावांना हे मी समजावण्याची गरज नसते, तेच मला समजावतात. तिथे द्राक्षाची बाग धरताना आधी रानात डॉगरीज या जातीचे खुंट लावतात. ते चांगले वाढले की पावसाळ्याच्या उत्तरार्धात खुंट आडवा कापून त्याला मधोमध चीर देतात, हव्या त्या जातीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि वरून पट्टी घट्ट गुंडाळतात. काही दिवसांनी डोळा फुगतो. काडीला स्वतःचे मूळ नसते. तिने चिकटण्यासाठी काही करायचे नसते. कापणारा, बसवणारा आणि बांधणारा कलम करणारा असतो. पण पट्टी सुटली आणि काडी हलली, तर रस चढत नाही.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू म्हणतो, मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात, माझ्यामध्ये राहा. मंडळी ही मला त्या पट्टीसारखी वाटते. रविवारची उपासना, आठवड्याची प्रार्थनासभा, प्रभुभोजन, आजाऱ्याच्या घरी जाणे, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांबरोबर बसून वचन वाचणे, यांनी विश्वास उत्पन्न होत नाही, पण काडी हलत नाही. म्हणून निदान सहा महिने एकाच मंडळीत टिकून राहावे. दर आठवड्याला नवी सभा, मोबाइलवर रोज नवा उपदेशक, असे केल्याने ऐकणे पुष्कळ होते आणि रुजणे कमी.

बागाईतदार आणखी एक गोष्ट सांगतात. कलम जगल्यावरही खालच्या खुंटाला फुटवे येत राहतात आणि ते वेळोवेळी काढावे लागतात, नाहीतर रस तिकडे जातो. जुना राग, जुनी व्यसने, हिशोबाची जुनी सवय विश्वासात आल्यावरही फुटते. फुटवा दिसला म्हणून कलम मेले, असे कोणी म्हणत नाही. कात्री घेऊन तो काढतात.

सातवी पायरी: मिळालेल्या विश्वासाने चाला

नव्या करारातील आपल्या पत्रात याकोब म्हणतो की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. हे पौलाच्या विरुद्ध नाही. इफिसकरांस पत्राच्या त्याच दुसऱ्या अध्यायात दहाव्या वचनात पौलही सांगतो की आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण झालेलो आहोत, आणि ती सत्कृत्ये देवाने आधीच तयार करून ठेवली आहेत. या आठवड्यात ज्याच्याशी सलोखा झालेला नाही अशा कोणाची तरी भेट घ्या, थकलेले उसने परत करा, पूर ओसरल्यावर शेजाऱ्याच्या घरातला गाळ काढतो तितक्याच सहजतेने एखाद्याचे काम करा.

कोरड्या दिवसांविषयी

कधीकधी काहीच जाणवत नाही. वचन वाचले तरी ते कागदच वाटते. अशा वेळी पंडिता रमाबाईंची साक्ष मी वर्गात सांगतो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, पण पुढे त्यांनी स्वतःच लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे गेली. ती आठ वर्षे त्यांनी फुकट घालवली, असे मला वाटत नाही. त्या काळात त्या वाचत होत्या, विधवांसाठी शाळा चालवत होत्या, मागत होत्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून त्यांनी सगळे पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणले. तुमचा आठवडा किंवा तुमचे वर्ष कोरडे गेले, तर वाचणे आणि मंडळीत येणे सोडू नका, आणि कोरडेपणा पाळकांपासून लपवू नका.

शेवटची पायरी: साक्ष लिहा आणि क्रियापदे मोजा

बाप्तिस्म्याच्या आधी आमच्या वर्गात प्रत्येकाने एक पानभर साक्ष लिहायची असते. ती लिहून झाल्यावर मी लाल आणि निळी अशा दोन पेन्सिली देतो. ‘मी’ने सुरू होणाऱ्या वाक्यांना लाल खूण आणि ‘देवाने’, ‘प्रभूने’ अशा वाक्यांना निळी खूण करायची. पहिल्या खेपेला पान बहुधा लालच होते: मी ठरवले, मी सोडले, मी शोधले. मग तीच साक्ष आठवड्याने पुन्हा लिहायची. गेल्या वर्षी बागेत काम करणाऱ्या एका तरुणाने दुसऱ्या खेपेला सगळे पान तसेच ठेवले आणि फक्त शेवटच्या ओळीतला ‘ठेवला’ हा शब्द खोडून त्यावर ‘बसला’ असे लिहिले. त्या ओळीला कोणत्या रंगाची खूण करायची, असे त्याने मला विचारले. मी दोन्ही पेन्सिली त्याच्या हातात दिल्या.